मागच्या सीटवरचा दिवा

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे पेन हातात आलं ते वायरच्या टोकाला चिकटवायच्या पट्टीवर नंबर लिहायला, आणि नंबरांना काना-मात्रा नसतात. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी कोणाच्या हाती लागलीच तर कळावं म्हणून कामातले शब्द सोपे करून लिहिते. रविवारची दुपार आता मोकळी असते. त्यात होईल तेवढं लिहीन.

गाडी क्रेनला अडकवून आमच्या गॅरेजच्या दारात आणली तेव्हा मी आत एक फ्यूजबॉक्स पुसत बसले होते. गाडीच्या आधी वास आला. गिअरबॉक्सचं तेल जळलं की त्याचा वास कढईतल्या तेलासारखा येत नाही. रबर आणि साखर एकत्र जाळल्यासारखा येतो आणि दोन दिवस कपड्यांतून जात नाही. गाडी मी लगेच ओळखली. फिकट निळी, लांबलचक, जुनी अमेरिकन. पंधरा दिवसांपूर्वी ती इथूनच धुऊन-पुसून, हार घालून गेली होती.

इस्माईलभाईंनी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढून नाकाजवळ नेली. ते आमचे गिअरबॉक्सचे मिस्त्री.

"गया. पूरा जल गया," ते म्हणाले.

"कशानं?" अण्णांनी विचारलं. अण्णा म्हणजे गॅरेजचे मालक, मूळचे भोसरीचे.

"लॉकअप लागलाच नसणार. तापून तापून मेला बिचारा."

"लॉकअपची वायरिंग कुणी केलती?"

हे अण्णांना माहीत होतं. वायरिंग करणारी गॅरेजमध्ये मी एकटीच आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हातातलं फडकं घडी करून ठेवलं.

इथं थोडं मागचं सांगायला हवं.

मी मूळची परभणीकडची. नवऱ्याबरोबर महाळुंग्याला आले. तो गेल्यावर एका हार्नेसच्या कंपनीत लागले. हार्नेस म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींची बांधलेली जुडी. समोर मोठा बोर्ड असतो, त्यावर खुंट्या. रंग बघून वायर खुंट्यांमधून फिरवायची, टोक कनेक्टरमध्ये घालायचं, टक असा आवाज ऐकायचा, मग हलकेच ओढून बघायचं. आवाज आणि ओढ, दोन्ही झाल्याशिवाय पुढची वायर उचलायची नाही. अकरा वर्षं मी हे केलं. ती वायर गाडीत जाऊन काय करते हे कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ती लाइन बंद झाली तेव्हा अण्णांना जुन्या गाड्यांसाठी नव्या जुड्या बांधणारं कोणी हवं होतं. कुदळवाडीतल्या या गॅरेजमध्ये मी तशी आले. कुठल्या वायरनं काय चालतं हे इथं कळलं. काम आवडलं. पण बाई मी एकटीच. जेवायच्या सुट्टीत बाकीचे टपरीवर जातात, मी एखाद्या गाडीच्या काढून ठेवलेल्या सीटवर बसून डबा खाते. दिवसभरात माझ्याशी बोलणं होतं ते 'करंट आला का' एवढंच. मलाही बोलायचा संकोच वाटतो, म्हणून दोष कोणाचा नाही.

ही निळी गाडी देसाईसाहेबांची. त्यांचा चाकणला फोर्जिंगचा छोटा कारखाना आहे. गाडी त्यांच्या वडिलांची. तिचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक होता, म्हणजे क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. पण गिअर दोनच. हायवेला इंजिन ओरडायला लागायचं. नाशिकला पुतण्याचं लग्न होतं आणि नवरदेवाला याच गाडीतून न्यायचं साहेबांच्या मनात होतं. म्हणून त्यांनी परदेशातून चार गिअरचा जुना बॉक्स मागवला आणि तो बसवायचं काम आमच्याकडे आलं. त्या चार गिअरच्या बॉक्सला लॉकअप होता.

लॉकअप म्हणजे काय ते मला इस्माईलभाईंनी दोन टेबलफॅनवरून सांगितलं होतं. समोरासमोर दोन पंखे ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरायला लागतो, पण जरा मागे राहतो. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये असेच दोन पंखे एका डब्यात बंद असतात. फक्त वाऱ्याच्या जागी तेल. त्या डब्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. दुसरा पंखा मागे राहतो, तेल घुसळलं जातं, घुसळून तापतं. गावात हळू चालताना त्याचं काही वाटत नाही. हायवेला तासन् तास चालली की तेल उकळायला येतं. म्हणून चांगला वेग आला की आतली एक प्लेट दोन्ही पंखे घट्ट धरते. दोघे एक होऊन फिरतात आणि घुसळण थांबते. हा लॉकअप.

ती प्लेट धरायला लावते एक कॉइल. कॉइलला बारा व्होल्ट दिले की प्लेट धरते, काढून घेतले की सोडते. नव्या गाडीत हे कॉम्प्युटर बघतो. जुन्या गाडीत कॉम्प्युटर नाही, तिथं वायरवाल्यानं बघायचं. दोन अटी असतात. एक, चौथा गिअर पडल्यावरच लॉकअप लागला पाहिजे. त्यासाठी बॉक्सच्या आतच एक स्विच होता. दोन, ब्रेकला पाय लागला की लॉकअप सुटला पाहिजे. नाहीतर क्लच न दाबता गाडी थांबवल्यासारखं होतं, हिसका बसून इंजिन बंद पडतं.

मी फ्यूजपासून वायर काढली, ब्रेकच्या पेडलवर एक नवा स्विच बसवला आणि तिथून वायर बॉक्सला दिली. गाडीत ब्रेकलाइटचा जुना स्विच होता, पण तो उलटा. पेडल दाबलं की जोडणारा. मला दाबलं की तोडणारा हवा होता. शिवाय तो जुना स्विच ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चालायचा, जोर दिल्याशिवाय लागत नव्हता. माझा स्विच मी एकदम नाजूक लावला. पेडल नखभर हललं की करंट तुटावा. भर रस्त्यात इंजिन बंद पडलं तर लोक काय म्हणतील याची मला भीती होती. सगळी टोकं ओढून बघितली. इस्माईलभाईंनी मोशीपर्यंत चालवून आणली. चौथ्या गिअरला लॉकअप लागला, ब्रेकला सुटला. "मस्त है ताई," ते म्हणाले. त्या वर्षात माझ्या कामाबद्दल कोणी बोललेलं तेवढंच, म्हणून शब्द लक्षात राहिले.

लग्नाच्या आदल्या दिवशी साहेबांचे ड्रायव्हर हरिभाऊ एकटेच गाडी घेऊन नाशिकला निघाले. नारायणगावच्या पुढे खालून धूर निघायला लागला. नवरदेव भाड्याच्या गाडीतून मांडवात गेला.

बॉक्स उघडला तर आतल्या प्लेटी काळ्याठिक्कर. देसाईसाहेब स्वतः आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"गिअरबॉक्स चांगला होता, बसवला नीट होता, मग राहिलं काय?" ते अण्णांना म्हणाले. "वायरिंग. त्याचे पैसे मी देणार नाही. तुम्ही आपसात बघा."

ते गेल्यावर अण्णा माझ्यापाशी आले. "सुमन, खर्च हाय अठ्ठेचाळीस हजार. निम्मं मी सोसतो. निम्मं तुझ्या पगारातनं, म्हैन्याला दोन हजार. जास्ती न्हाई कापत. पर पुन्यांदा असं झालं, तर मला दुसरं माणूस बघावं लागंल."

मी मान हलवली. चोवीस हजार. पगार पंधरा, खोलीभाडं साडेचार. पण मला पैशांपेक्षा दुसरं लागलं. हे काम गेलं तर मला पुन्हा कोण वायर हातात देणार? सत्तेचाळीस वय, चौथी पास.

मी सगळी वायर पुन्हा तपासली. एकेक टोक ओढून बघितलं. कुठंही काही ढिलं नव्हतं. अण्णांना तसं सांगितलंही, पण माझा आवाज बसका. अण्णा फोनवर होते. "बरं बरं," म्हणाले.

बॉक्स दुरुस्त होऊन बसला. या वेळी साहेबांनी अट घातली की ट्रायलला गाडी त्यांचा ड्रायव्हर चालवेल. इस्माईलभाई शेजारी बसणार होते. मी धीर करून त्यांना म्हटलं, "मला मागं बसू द्या. लॉकअपच्या वायरला एक बल्ब जोडते. करंट असला की पेटेल, गेला की विझेल. कुठं जातो ते तरी कळेल."

"बैठो ना. तुमचीच वायर आहे," ते म्हणाले.

तशी मी त्या गाडीत मागे बसले. सोफ्यासारखी रुंद सीट, मी एका कोपऱ्यात, मांडीवर इवलासा बल्ब. सकाळच्या शिफ्टच्या बस जाऊन रस्ता जरा मोकळा झाला होता. आम्ही मोशीवरून नाशिक हायवेला लागलो. हरिभाऊ साठीच्या पुढचे, पांढरा शर्ट, पाठ ताठ. त्यांनी सगळं आयुष्य ट्रक आणि कंपनीच्या जीप चालवल्या. ही ऑटोमॅटिक वर्षानुवर्षं कारखान्याच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली. ती चालवायला त्यांच्या हातात आत्ताच आली होती.

चौथा गिअर पडला. बल्ब पेटला. मला हायसं वाटलं. मग विझला. मग पेटला, विझला, बराच वेळ विझलेलाच राहिला.

"लगा क्या?" इस्माईलभाईंनी मागे न बघता विचारलं.

"लागतोय. मधेच सुटतोय."

"मग वायर ढिली."

पुढे रस्ता मोकळा होता. ब्रेक लावायचं काही कारण नव्हतं आणि वेगही कमी होत नव्हता. मी पुढच्या दोन सीटच्या मधून वाकून खाली बघितलं. हरिभाऊंचा उजवा पाय अॅक्सिलरेटरवर. डावा पाय ब्रेकच्या रुंद पेडलवर, अलगद टेकलेला.

मला एका क्षणात सगळं कळलं. चाळीस वर्षं त्यांचा डावा पाय क्लचवर बसलेला. या गाडीत क्लच नाही. पायाला रिकामं बसायची सवय नाही, म्हणून तो पेडल शोधून त्यावर जाऊन बसला. दाब इतका हलका की ब्रेक लागत नव्हता, ब्रेकलाइटही लागत नव्हता, म्हणून मागच्या गाडीवाल्यालाही काही दिसलं नसतं. फक्त माझा नाजूक स्विच तुटत होता. नारायणगावपर्यंत लॉकअप असाच लागत-सुटत राहिला आणि तेल घुसळून जळलं. इस्माईलभाईंनी चालवताना काही झालं नाही, कारण त्यांना ऑटोमॅटिकची सवय आहे. त्यांचा डावा पाय गप्प बसतो.

तेव्हाच बोलले असते तर माझे चोवीस हजार वाचले असते. तोंड उघडलंही होतं. पण मला आदल्या आठवड्यातलं साहेबांचं बोलणं आठवलं. क्रेनचे पैसे देताना ते हरिभाऊंना सगळ्यांसमोर म्हणाले होते, "काका, आता तुमचं वय झालं. दिवाळीनंतर बघू." हरिभाऊ तेव्हा गाडीचा आरसा पुसत होते. पुसलेलाच आरसा पुन्हा पुसत राहिले होते.

चिंबळी फाट्याला इस्माईलभाई चहा सांगायला उतरले. गाडीत आम्ही दोघंच.

"हरिभाऊ," मी म्हटलं, "डावा पाय."

"काय झालं पायाला?"

"ब्रेकवर असतो. त्यानं करंट तुटतो."

त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "बाई, चाळीस वरसं गाडी मारतोय. घाटात ट्रक घातल्यात. तू मला पाय शिकवती व्हय?"

मी मांडीवरचा बल्ब उचलला, वायर सीटच्या मधून पुढे घेतली आणि त्यांच्यासमोर डॅशबोर्डवर चिकटपट्टीनं लावला. "विझला की बघा," एवढंच म्हटलं.

इस्माईलभाई चहा घेऊन आले. "ये क्या डिस्को लगाया," म्हणाले. आम्ही परत निघालो. चौथा गिअर पडला, बल्ब पेटला. थोड्या वेळानं विझला. हरिभाऊंची मान ताठ झाली. बल्ब पेटला. पुन्हा विझला, लगेच पेटला. मग त्यांनी काय केलं, तर चालत्या गाडीत डाव्या पायातला बूट काढला आणि पाय मागे सीटखाली ओढून घेतला. तिथून गॅरेजपर्यंत बल्ब एकदाही विझला नाही, थांबताना सोडून.

"क्या किया ताई?" इस्माईलभाईंनी विचारलं.

"कनेक्टर दाबला," मी म्हटलं.

खोटं बोलायची मला सवय नाही, आणि हे खोटं मलाच महागात पडलं. अण्णांना वाटलं, बघा, ढिलं होतंच, आता दाबल्यावर चालतंय. माझी चूक पक्की झाली. नोकरी राहिली, कारण काम शेवटी झालं होतं. पगार मात्र पुढच्या महिन्यापासून दोन हजार कमी आला. गाडी नेण्याआधी मी पेडलचा स्विच थोडा मागे सरकवला, नखभराऐवजी बोटभर. ते पहिल्यांदाच करायला हवं होतं. तेवढा दोष माझाही होता आणि तो मी इथं लिहून ठेवते.

पगारानंतरच्या रविवारी दुपारी माझ्या खोलीचं दार वाजलं. माझ्या चाळीत सगळे शिफ्टचे लोक. अर्धे झोपलेले, अर्धे कामाला. माझं दार फक्त मालक वाजवतो, तेही एक तारखेला. उघडलं तर हरिभाऊ. पांढरा शर्ट, घामेजलेले. चाकणहून आले होते.

"इस्माईलनं पत्ता दिला. तुझा पगार कापत्यात, त्येबी त्यानंच सांगितलं," ते म्हणाले. खिशातून चार नोटा काढून पुढे धरल्या. "दोन हजार."

"कशाचे?"

"डाव्या पायाचे."

मी नको म्हटलं. ते दारातच उभे राहिले. "साहेबाला खरं सांगितलं आस्तं, पर माझं स्टेअरिंग जाईल. तेवढी हिंमत न्हाई माझ्यात. पैसं हायेत. धर."

"स्विच मीही फार नाजूक लावला होता. अर्धेच द्या."

"तुझं अर्धं तू तुझ्यापाशी ठेव. माझ्या पायाचं मला देऊ दे."

आत या म्हटलं. त्यांच्यासाठी चहा केला आणि लक्षात आलं की कप एकच आहे. मी पेल्यात घेतला. त्यांनी गाडीचं सांगितलं. बल्ब त्यांनी काढला नव्हता. साहेबांनी विचारलं तर म्हणाले होते, वायरवाल्या बाईंनी सांगितलंय, राहू द्या. तो पेटलेला असला की बरोबर कोणीतरी बसलंय असं वाटतं, असंही म्हणाले. मी हसले. खोलीत कोणाशी बोलून हसल्याला किती दिवस झाले होते ते मोजलं नाही.

सोमवारी बाजारातून दुसरा कप आणला.

ते दर महिन्याला आले, पगारानंतरच्या रविवारी. चहा, गाडीच्या चार गोष्टी, त्यांच्या बायकोच्या गुडघेदुखीच्या दोन, आणि चार नोटा. त्यांनी घाटातले ट्रक सांगितले, मी हार्नेसचा बोर्ड सांगितला. मला एवढं बोलता येतं हे मलाच माहीत नव्हतं. दिवाळी गेली. साहेबांनी वयाचं पुन्हा काढलं नाही, गाडीला काही होत नव्हतं ना. एका महिन्यात बायकोच्या औषधाला खर्च झाला म्हणून त्यांनी हजारच दिले आणि फार खजील झाले. मी म्हटलं, काही घाई नाही. हे मी खरं बोलले. हजार राहिले म्हणजे हिशोब एक महिना लांबला. पुढे आणखी एकदा असंच झालं. तेव्हा दोन्ही वेळचे मिळून बाराऐवजी तेरा रविवार होतील, हे मी मनात मोजून ठेवलं.

या प्रकारातून मी एक शिकले. जुनी गाडी कामाला आली की लोक इंजिन कुठलं, बॉक्स कुठला, वायर किती एमएमची हे विचारतात. मी आता आणखी एक विचारते, गाडी चालवणार कोण आणि आधी काय चालवायचे. इस्माईलभाई हसतात. पण विचारून झाल्याशिवाय मी पेडलला हात लावत नाही.

गेल्या महिन्यात हरिभाऊ तेराव्यांदा आले. उन्हातून आल्यामुळे आधी पाणी प्यायले. मग नोटा काढल्या आणि या वेळी माझ्या हातात न देता चटईवर एकेक करून ठेवल्या.

"चोवीस झाले का? मोज."

"मोजायचं कशाला."

"मोज. हिशोब हाय."

मी मोजलं. बरोबर होते. चहा झाला. त्यांनी कप विसळून पालथा घातला, बूट घातले, डावा आधी. दारात म्हणाले, "फिटलं बघ, सुमनबाई."

"हो," मी म्हटलं. "सगळे फिटले."